पोदुम

तमिळमधला मी शिकलेला पहिला शब्द 'पोदुम', म्हणजे पुरे. कोइंबतूरला लोक तो जेवताना वाढणाऱ्याला म्हणतात. मी तो ग्राइंडरच्या आवाजात शिकलो.

१९९४ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मी तिकडं गेलो. घरी लेथ होतं, वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. तिथं ज्यांच्या वर्कशॉपमध्ये लागलो त्यांनाही सगळे अण्णाच म्हणत; तिकडं त्याचा अर्थ थोरला भाऊ. पहिले काही महिने त्यांना हाक मारताना जीभ अडखळायची. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत, मोडक्या तमिळमध्ये आणि बरंचसं बोटांनी चाले.

त्या गावात शर्यतीचं वेड मुरलेलं. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर बांधलेल्या फॉर्म्युला मारुती गाड्या मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरला धावत. आमच्याकडं येत ती साध्या मारुतीची हेडं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. जास्त ताकद हवी तर इंजिनाला जास्त हवा पाजायची, आणि हवेची वाट म्हणजे हेडातला पोर्ट.

पोर्टच्या तोंडाला निळी लावायची, गॅस्केट ठेवून सुईनं रेघ ओढायची, रेघेपर्यंत बर फिरवायचा. भोक मोठं केलं की झालं, असं मला वाटायचं. पण पोर्ट फार मोठा झाला तर हवेचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिन मरगळतं. खरं काम आत, व्हॉल्व्हच्या सीटखाली, वाट वळते तिथं. सीट आणि पोर्ट यांच्या जोडावर राहिलेली पायरी नीट काढली तरी गाडीला फरक कळतो. आरशासारखी झिलई अण्णांना फक्त एक्झॉस्टला मान्य होती. इनलेट ते मुद्दाम जरा खरखरीत ठेवत. कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल गुळगुळीत भिंतीवर थेंब धरून ओघळतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक मात्र चकाकी बघूनच खूश व्हायचं.

मग मोजणं. हेड उलटं ठेवून वर ग्रीस लावलेली ॲक्रिलिकची पट्टी, आणि तिच्या भोकातून ब्युरेटनं रंगवलेलं रॉकेल. तिन्ही खोल्या सारख्या भरायला हव्यात. एका सिलिंडरचे साधारण २६५ सीसी. पिस्टन वर असताना ३३ सीसी जागा उरली तर कॉम्प्रेशन नवास एक. फेसिंग करताना अर्धा मिलिमीटर जास्त गेला, तर दीडेक सीसी जाते आणि आकडा साडेनवाकडं सरकतो. इथं अण्णा थेंबाचाही हिशेब ठेवत.

भिंतीची जाडी मात्र कशानं मोजणार? भिंतीपलीकडं कूलिंगचं पाणी. ओतकामात कोअर जरासा सरकला तरी भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. अण्णा करंगळी आत घालून बघत आणि ग्राइंडरचा आवाज ऐकत. मी कापायचो, ते मागं उभे. पोदुम म्हटलं की हात उचलायचा.

त्या रात्री ते लवकर घरी गेले होते. दोन पोर्ट झाले होते, तिसऱ्यात मी आणखी थोडं घेतलं. आवाज पातळ झाला. मला तो ऐकू आला, तरी हात उचलला नाही. बरच्या टोकापुढं टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसला.

शर्यतीला पाच दिवस होते. दुसरं हेड शोधता आलं असतं. मी कपाटातून ॲल्युमिनियमच्या रंगाचं एपॉक्सी काढलं, भोक बुजवलं, वाळल्यावर एमरीनं भिंतीला मिळवून टाकलं. सकाळी अण्णांनी करंगळी फिरवली आणि मान हलवली.

चौथ्या फेरीत त्या गाडीमागं पांढरी वाफ निघाली. चालवणारा माझ्याच वयाचा होता. घरच्यांशी भांडून गाडी उभी केलेली. हेल्मेट काढून तो नुसता बॉनेटकडं बघत राहिला.

हेड परत आल्यावर आमच्याच बाकावर उघडलं. अण्णांनी आत टॉर्च मारला, सुटलेला एपॉक्सीचा तुकडा चिमट्यानं काढून तळहातावर घेतला. मला दाखवला नाही, माझ्यापासून लपवलाही नाही. त्या मुलाला म्हणाले, कास्टिंग पातळ होतं. तेवढं खरंच होतं. कामाचे पैसे परत केले आणि नवं हेड स्वतःच्या खर्चानं करून द्यायचं कबूल केलं.

मी तेव्हाही बोललो नाही. ते विचारतील म्हणून मी उत्तर आधी हिंदीत जुळवून ठेवलं, मग तमिळमध्ये. त्यांनी विचारलं नाही. शनिवारी पगाराचं पाकीट दिलं. दाराबाहेर जाऊन मी नोटा मोजल्या, एक रुपया कमी नव्हता.

सोमवारी त्या मुलाचं नवं हेड बाकावर होतं. अण्णांनी त्याच्यावर निळी लावली, रेघ ओढली, ग्राइंडर माझ्या हातात दिला आणि चहाला निघून गेले.