पाचव्या दिवशीचं पाणी

डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा आफ्रिकेतल्या प्रवासांवरचा ग्रंथ १८५७ साली लंडनला निघाला आणि हातोहात खपला. नद्या, झाडं, माशा, ताप, टोळीप्रमुखांशी झालेली बोलणी असा भरगच्च ऐवज त्यात आहे. पण १८५१च्या प्रवासातल्या एका जागेपाशी वाचणाऱ्याला थांबावंच लागतं. बैलगाड्या कलहारीच्या उत्तरेकडच्या ओसाडीत शिरल्या आहेत. वाटाड्या आधी वाट चुकतो आणि मग नाहीसाच होतो. गाडीतलं बरंचसं पाणी एका नोकराने वाया घालवलेलं, उरलेलं मुलांपुरतं राखलेलं. रॉबर्ट पाच वर्षांचा, अ‍ॅग्नेस चारची, टॉमस दोनचा आणि त्यांची आई मेरी गरोदर. रात्र जाते. सकाळी पाणी आणखी कमी आणि मुलांची तहान आणखी वाढलेली. आपल्या डोळ्यांदेखत पोरं जाणार, ही कल्पना बापाला सहन होत नाही. पाण्याच्या शोधात गेलेली माणसं पाचव्या दिवशी दुपारी परततात तेव्हा कुठे घसे ओले होतात. हे सांगताना लिव्हिंग्स्टन एक फार प्रामाणिक गोष्ट नोंदवतो. या सगळ्याला तूच कारण, असं मेरीने तोंडावर म्हटलं असतं तर मला जवळजवळ बरंच वाटलं असतं, अशा अर्थाचं तो लिहितो. ती एका शब्दाने बोलली नाही. डोळ्यांतल्या पाण्यावरूनच काय ते कळत होतं.

बायकोचं ते गप्प राहणं आपल्याला माहीत आहे, कारण नवऱ्याने ते लिहून ठेवलं. इथेच माझं म्हणणं सुरू होतं. धर्मप्रसारासाठी दूर गेलेल्या माणसाचं चरित्र लिहिताना घरात झालेली हानी त्याच्याच त्यागात जमा केली जाते. त्याने बायको गमावली, मूल गमावलं, मुलांचं बालपण पाहिलं नाही. केवढी किंमत मोजली, असं आपण म्हणतो. किंमत मोजली गेली यात शंका नाही, पण ती मोजणारे हात बहुतांशी दुसऱ्यांचे होते, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. मेरीचं मौन तिच्या संमतीचा पुरावा म्हणून शंभर वर्षं वाचलं गेलं. मला ते तसं वाचता येत नाही. चार दिवसांच्या तहानेनंतर ज्या आईच्या तोंडून शब्द निघत नाही, तिला सगळं मान्यच होतं हे कशावरून?

ती स्वतः मिशनच्या अंगणात वाढलेली होती, तिला या आयुष्याची कल्पना होती, असं यावर म्हटलं जातं. खरंच आहे. मिशनरी रॉबर्ट मोफट आणि त्यांच्या पत्नीची ही मुलगी १८२१ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मली, कुरुमानच्या मिशनवर मोठी झाली, सेत्स्वाना भाषा लहानपणापासून बोलत आली. लग्नानंतर कोलोबेंगच्या घरात साबण राखेपासून तिने करायचा, मेणबत्त्या तिने ओतायच्या, लहान मुलांची शाळा तिने चालवायची. प्रवासात पाव भाजायची युक्ती लिव्हिंग्स्टनने वर्णिली आहे : वारुळाला मोठं भोक पाडायचं, आत जाळ करून ते तापवायचं, आणि तोंडाला दगडाची लादी दाराऐवजी लावायची. असं घर उभं करणाऱ्या बाईला कष्टांचं भय नव्हतं. पण कष्ट पत्करणं वेगळं आणि पुढचं सगळं पत्करणं वेगळं. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या : नवऱ्याबरोबर पोटातल्या आणि कडेवरच्या पोरांसह वाळवंट तुडवायचं, नाहीतर मागे राहून तो जिवंत आहे की नाही याची बातमी यायची वाट बघायची. तिसरी वाट नसताना तिने एक धरली, तर तिला निवड म्हणणं जरा घाईचं होतं.

आजच्या मापाने तेव्हाची माणसं मोजू नका, असंही सांगितलं जातं. हा आक्षेप मला नेहमीच वजनदार वाटतो, म्हणून इथे पुरावा तेव्हाचाच देतो. १८५० साली लिव्हिंग्स्टन गरोदर बायको आणि तीन मुलांना घेऊन न्गामी सरोवरापर्यंत जाऊन आला. परतल्यावर ऑगस्टमध्ये एलिझाबेथ जन्मली आणि सहा आठवड्यांत गेली. मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. पुढच्याच वर्षी पुन्हा तोच बेत आणि पुन्हा तिचं तेच अवघडलेपण. तेव्हा कुरुमानहून सासूबाईंचं पत्र आलं. एक बाळ गेलं तेवढ्याने भागलं नाही का, दुसरं कसंबसं वाचलं, मुलगी अर्धांगाच्या भीतीत घरी आली, आणि आता गरोदर बाईला तीन लेकरांसह परक्या पुरुषांच्या तांड्यात रानावनातून फिरवणार, असा जाब त्या विचारतात. ज्या बाईने स्वतः मिशनरी नवऱ्याबरोबर आफ्रिकेत उभा जन्म काढला, तिने तो विचारला. तिची श्रद्धा कुणाहून कमी नव्हती. म्हणजे १८५१ साली, त्याच श्रद्धेच्या घरात, हे चुकतंय असं दिसत होतं आणि ते सांगायची हिंमतही होती. जावयाने ऐकलं नाही. त्या सप्टेंबरात झूगा नदीच्या काठी मुलगा झाला. नाव विल्यम ऑस्वेल, पण घरात त्याला झूगाच म्हणत.

लिव्हिंग्स्टन कठोर होता असं मी म्हणत नाही. एका रात्रीत डासांनी मुलांच्या अंगावर तसूभरही जागा न फोडता सोडली नव्हती, हे त्यानेच लिहिलं. कुटुंबाला इंग्लंडला पाठवायचं ठरलं तेव्हा मुलांना पोरकं करणं म्हणजे आतडी उपटून काढण्यासारखं आहे, अशा अर्थाचं त्याने मिशनच्या संचालकांना कळवलं. २३ एप्रिल १८५२ला केपटाऊनहून जहाज सुटलं. तो उत्तरेला वळला आणि मेरी चार मुलांना घेऊन अशा देशात उतरली, जो कागदावर तिचा होता. सासरी हॅमिल्टनला जमलं नाही. मग हॅकनी, मँचेस्टर, केंडल, एप्सम अशी बिऱ्हाडं बदलत साडेचार वर्षं गेली. तिची पत्रं फार थोडी उरली आहेत, आणि त्या काळातली जी उरली त्यांत लंडन मिशनरी सोसायटीच्या सचिवाला, आर्थर टिडमनना, पैशासाठी लिहिलेली पत्रं आहेत. नवरा खंड ओलांडत होता ती वर्षं तिच्या अक्षरात भाड्याच्या आणि औषधाच्या विनवण्या होऊन शिल्लक राहिली. ती दारूकडे वळली, तिची श्रद्धा डळमळली, असं पुढे चरित्रकारांनी लिहिलं, बहुधा खाली मान घालून. एवढ्या एकटेपणात ती डळमळली नसती तरच नवल. नवरा १८५६च्या डिसेंबरात परतला तेव्हा तिने स्वागताची कविता लिहिली. आता ताटातूट नाही, मरताना तू जवळ असशील, अशी तिची आशा त्यात आहे.

नवरा दूर जाणं ही काही मिशनऱ्यांचीच गोष्ट नव्हती, खलाशांच्या आणि शिपायांच्या बायकाही झुरत होत्या, हे मान्य. पण खलाशाची बायको समुद्राला शिव्या घालू शकते, शिपायाची बायको सरकारला. मिशनऱ्याच्या बायकोने तक्रार केली तर ती कोणाविरुद्ध? तिच्या घरात देवाचं काम हे शेवटचं उत्तर असतं, आणि त्यावर बोलायला जागा उरत नाही. आणि मिशन संस्थांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. लंडनजवळ वॉल्थमस्टोला मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ साली आणि मुलांसाठी १८४२ साली शाळा निघाल्या. आई-बापांपासून तुटलेल्या पोरांची संख्या एवढी होती की त्यांच्यासाठी इमारती लागल्या.

इथे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आपल्या माणसांत राहिल्या, काही वर्षं ताटातुटीत काढल्या, मग नवऱ्याकडे गेल्या आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. त्याआधीही टिळक घरातून न सांगता निघून जात, आणि ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कुणालाही पाठ असतं. लक्ष्मीबाईंचं टिळकांवर अपार प्रेम होतं. टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. पण प्रेम आहे म्हणून त्यांनी हिशेब सोडला नाही. कोणत्या दिवशी घरात काय नव्हतं, कोण काय बोललं, आपण किती रडलो आणि किती चिडलो, हे सगळं १९३४ पासून छापलं जाऊ लागलेल्या त्या पुस्तकात आहे. टिळकांचं मोठेपण त्याने तसूभर कमी झालेलं नाही, उलट माणूस म्हणून ते जास्त खरे वाटतात. मराठीतलं सर्वांत चांगलं आत्मचरित्र कोणतं, या वादात मी कायम याच पुस्तकाच्या बाजूचा आहे. मेरी लिव्हिंग्स्टनला असं पुस्तक लिहायला मिळालं असतं तर डेव्हिडचीही मूर्ती अधिक माणसाळली असती असं मला वाटतं.

सर्वांत कठीण आक्षेप गुलामीचा आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकत, हातकाम करत. लिव्हिंग्स्टनने आपल्या शेवटच्या प्रवासासाठी त्यांतले काही तरुण बरोबर नेले. त्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट पुढे त्याचं शव घेऊन आलेल्यांत होता आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनाला हजर होता. लिव्हिंग्स्टनच्या ज्या लेखनाने पूर्व आफ्रिकेतला गुलामांचा बाजार जगापुढे उघडा पाडला, ते घरी बसून झालं नसतं. १८७३ साली झांझिबारचा बाजार बंद झाला त्यात त्या लेखनाचा वाटा आहे. शरणपूरच्या मुलांनी जे गमावलं होतं त्यापुढे हॅकनीच्या खोलीतलं दुःख लहान आहे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण त्याने मेरीच्या मुलांच्या वाट्याचं कुणी भरून दिलं असं होत नाही. शुपांगाला २७ एप्रिल १८६२ रोजी हिवतापाने मेरी गेली. झांबेझीवर नवऱ्याकडे पोचून तिला तीन महिनेच झाले होते. नवरा उशाशी होता आणि मुलं बहुतेक सगळी स्कॉटलंडमध्ये. थोरला रॉबर्ट बापाला शोधत दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतापर्यंत आला, पुढे जाता आलं नाही म्हणून अमेरिकेला गेला आणि रूपर्ट व्हिन्सेंट या नावाने तिथल्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत भरती झाला. तुमचं नाव लावून त्याला आणखी बट्टा नको, असं त्याने बापाला कळवलं होतं. १८६४च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या सॅलिसबरीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत तो मेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

१९८६ साली एडना हीली यांनी एका पुस्तकात मेरी लिव्हिंग्स्टन, जेनी मार्क्स आणि एमा डार्विन अशा तिघींना एकत्र आणलं. निवड फार चांगली आहे, कारण तिघींच्याही घरून त्याच सुमाराला मुलं गेली. डार्विनांची दहा वर्षांची अ‍ॅनी १८५१च्या एप्रिलमध्ये मॉल्व्हर्नला वारली. एमा तेव्हा गरोदर असल्याने घरीच होती. चार्ल्स मुलीच्या उशाशी बसून घरी पत्रं लिहीत होता आणि ती उत्तरं पाठवत होती. दोघांचीही पत्रं जपली गेली, त्यामुळे अ‍ॅनीच्या त्या शेवटच्या दिवसांत आई काय म्हणत होती तेही वाचता येतं. एलिझाबेथ लिव्हिंग्स्टनच्या सहा आठवड्यांबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः बापाच्या पत्रांतून.