पिळाचं माप

आमच्या घराण्यात आवळण्याची परंपरा आहे. नळ असो, बरणीचं झाकण असो, हाती लागेल ते कच्चून आवळायचं. त्यात मी बँकेत. तिथे तर हात आवळता ठेवण्याचाच पगार मिळतो!

तेव्हा जुन्या गाडीच्या टॅपेट कव्हरमधून तेल झिरपू लागलं, तसा मी पाना घेऊन सरसावलो. अजून थोडं, अजून थोडं... आणि बोल्ट एकदम लोण्यासारखा फिरला. म्हटलं, जमलं! पाहतो तो बोल्टचं डोकं माझ्या हातात आणि धड इंजिनात.

गॅरेजवाला उस्ताद म्हणाला, "साहेब, बोल्ट म्हणजे स्प्रिंग. थोडा ताणला तरच पकड धरतो. हद्दीबाहेर ताणला की मेला." मग त्याने टॉर्क पाना काढला. त्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना 'कट्' म्हणतो. तिथे थांबायचं. मीटरभर पान्याच्या टोकाला दहा किलोंचा भार म्हणजे सुमारे 98 न्यूटन-मीटर, एवढा हिशेब माझ्यातल्या बी.कॉम.लाही कळला.

घरी आलो. बारावीतले चिरंजीव पुस्तक मिटून खिडकीशी बसले होते. "अजून थोडं..." म्हणून मी तोंड उघडलं. त्याने वर पाहिलं. ती नजर पाहून मला का कोण जाणे, तो लोण्यासारखा फिरलेला बोल्ट आठवला. तेवढ्यात स्वयंपाकघरात हिने कपबशी जरा जोरातच ठेवली. कट्!

मी म्हटलं, "चहा घेतोस का रे?"