मेणाचा एक हात

कर्जतच्या पावसात लोखंड टिकवणं ही बारमाही चाकरी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढात खिडकीचे गज हाताला तांबूस लागतात, कोयत्याला तेल लावून ठेवावं लागतं, बिजागऱ्या कुरकुरू लागतात. अशा मुलखात गाडीचा रंग आधी पत्रा वाचवतो, शोभा त्यानंतरची. माझं आयुष्य कर्जत ते खोपोली या रेल्वेच्या पंधरा किलोमीटरांत गेलं. दारातल्या गाड्या बदलल्या, फडकी बदलली, पण रविवारी सकाळी गाडीला हात लावण्याचं काम सुटलं नाही. बायकांनी हे कशाला करायचं, असं विचारणारे भेटले. मला ते आवडतं आणि चांगलं येतं, एवढंच माझं उत्तर.

सुरुवात माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या चेतकपासून. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या त्या स्कूटरसाठी तेव्हा लोक वर्षानुवर्षं थांबत. अण्णांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. गाडी दहिवलीच्या घरी आली तेव्हा पाढे म्हणत होते. अण्णा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळ्यांवर होते. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाणारी लोकल एकेरी मार्गावरची, फेऱ्या मोजक्या, आणि तिसऱ्या पाळीशी तिचं कधी जमायचं नाही. त्यामुळे स्कूटर ही चैन नव्हतीच. ती फिकट निळी होती.

रविवारी ती पडवीच्या सावलीत यायची. अण्णा आधी नुसतं पाणी ओतायचे, लोटीने, वरून खाली, पुन्हा पुन्हा. फडक्याला हात नाही. मडगार्डच्या आतला चिखल फुगून आपोआप गळायला लागेपर्यंत ते थांबायचे. "चिखल घासायचा नसतो, सोडवायचा असतो," हे त्यांचं वाक्य. फडकी आजीच्या जुन्या नऊवारीची, काठ फाडून टाकलेली, कारण काठाचा जाड दोरा रंगावर उमटतो. चाकांचं फडकं वेगळं. ते चुकून वरच्या अंगाला लागलं तर त्या दिवसापुरतं अण्णांचं बोलणं बंद व्हायचं.

मग पॉलिशचा चपटा डबा निघायचा. रॉकेलसारखा वास, आत फिकट पिवळसर मलम. अण्णा ते बोटाला जेमतेम लागेल एवढं घ्यायचे, वीतभर जागेवर पसरायचे, सुकून पांढुरकं झालं की दुसऱ्या फडक्याने पुसायचे. ते पुसलेलं फडकं माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे, कारण ते निळं व्हायचं. गाडीचाच निळा रंग फडक्यावर उतरलेला असायचा आणि खालून गाडी नव्यासारखी निघायची. त्या वयात मला वाटायचं, जुना निळा निघाला की आतून नवा निळा येतो.

ते फार चूकही नव्हतं. त्या काळच्या गाड्यांवर रंगाचा थर उघडाच असायचा. ऊन आणि हवा लागून त्याचा वरचा पापुद्रा मरतो, भुरकट होतो. पॉलिशमधली बारीक पूड तो मेलेला पापुद्रा खरवडून काढते आणि खालचा ताजा रंग उघडा पडतो. लाल रंग यात सगळ्यात लवकर मरतो, एसटीच्या जुन्या लाल गाड्यांवर हे कुणीही पाहिलं असेल. आपले पेंटर आजही ज्याला ड्युको म्हणतात तो मूळचा अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचा 1920 च्या दशकातला रंग. त्याआधी गाडीला ब्रशने रोगणाचे थर देऊन सुकवण्यात आठवडे जायचे. हा रंग फवारला की तासांत सुकायचा. मात्र त्याची झळाळी राखायला अधूनमधून पॉलिश करावं लागे. घरोघरी गाडी चोळत बसायची सवय लागली ती मोठ्या प्रमाणात त्या रंगामुळे.

लग्न होऊन मी खोपोलीला आले. आमच्या यजमानांचा टाटा 407 होता. कारखान्यांचा माल भरून घाटातून पुण्याकडे जायचा, वर जाताना शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकायचे. त्या टेम्पोचं पॉलिश कसलं, तो धुऊन निघाला तरी पुष्कळ. पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण टाटांच्या 1915 सालच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. त्यामुळे सगळ्या गाड्या नदीतच उतरायच्या. चासीखाली पावसाआधी जळकं ऑइल फवारलेलं असायचं, ते सगळं त्याच पाण्यात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी आमचा टेम्पो घराशेजारी बादलीने धुवायला लावायची. ड्रायव्हर कुरकुरायचे, तरी धुवायचे.

पण त्या टेम्पोनेच मला हाताची खरी शिकवण दिली. एकदा घाटात घासला, तेव्हा शिळफाट्याजवळच्या एका पेंटरचाचांकडे कामाला दिला. मी डबा घेऊन जायची आणि बघत उभी राहायची. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर ते लांबी, म्हणजे पुट्टी, भरत, सुकली की वॉटर पेपरने घासत, आणि मग डोळे मिटून तळवा फिरवत. पूर्ण पंजा टेकवून, बोटांच्या टोकांनी नाही. मला म्हणाले, "वहिनी, इथं बघा, काय दिसतंय?" काही दिसत नव्हतं. "आता हात फिरवा." तळव्याला उथळ खळगा लागला, नखाएवढ्या खोलीचाही नसेल. रंग चढल्यावर उन्हात तोच खळगा लाटेसारखा उठला असता. त्यांनी पुन्हा लांबी भरली. समोरच्या काचेवर 'श्री वरदविनायक प्रसन्न' त्यांनीच रंगवलं आणि अक्षरं पुरी वाळल्यावर त्यांच्यावर मेणाचा एक हात द्यायला सांगितला. टेम्पो विकला तेव्हाही त्या अक्षरांच्या कडा धारदार होत्या.

मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही परत कर्जतला आलो आणि पुढे पांढरी छोटी मोटार घेतली. मी ती स्टेशनजवळ लावून लोकलने कल्याणला नोकरीला जायची. काही महिन्यांत तिच्या छतावर आणि बॉनेटवर बारीक नारिंगी ठिपके दिसू लागले, हळदीची चिमूट उडावी तेवढे. धुऊन जाईनात. हा पत्र्याचा गंज नव्हता, बाहेरून येऊन बसलेला होता. बोरघाटात 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला इंजिनं जोडतात आणि खाली येणाऱ्या गाड्या घाटभर ब्रेक लावत उतरतात. चाकांचा आणि ब्रेकचा लोखंडी कीस तापलेला उडतो, जवळच्या गाडीच्या रंगावर बसतो, रुततो आणि पहिल्या दवात गंजतो. 1863 पासून हा घाट गाड्या उतरवतोय. स्टेशनजवळ राहणाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतींवर, वाळत घातलेल्या चादरींवरही ती तांबूस झाक शोधली तर सापडते.

चाचांचा तळवा इथे कामाला आला. एक युक्ती सांगते, ती करून बघाच. गाडी स्वच्छ धुवा. मग दुकानातली पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवा आणि ओल्या बॉनेटवरून अगदी हलका हात फिरवा. नुसत्या तळव्याला गुळगुळीत लागलेली जागा पिशवीतून बारीक वाळूसारखी करकरते. ते सगळे रुतलेले कण असतात. त्यांच्यावर पॉलिश घासलं की तेच कण फडक्याखाली फिरतात आणि रंगावर गोल गोल चरे पाडतात. उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती चऱ्यांचं कडं दिसतं. हे कण काढायला क्ले नावाचा मऊ गोळा मिळतो. साबणाचं पाणी फवारायचं, गोळा जोर न देता सरळ रेषेत फिरवायचा, मळला की आतली बाजू बाहेर काढायची. जमिनीवर पडला तर तो फेकायचा, हळहळत बसायचं नाही.

आमच्या भागात गाडीच्या रंगाचे वैरी पुष्कळ आहेत. पौष-माघात मोहोरलेल्या आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा टपटपतो आणि त्यावर काजळी धरते. खालापूरच्या बाजूला रस्त्याची कामं नि खडीच्या क्रशरची धूळ, म्हणजे काळ्या दगडाचंच पीठ. बोअरचं पाणी उन्हात सुकलं की क्षारांचे पांढरे गोल उमटतात. पक्ष्याची विष्ठा तर दुपारच्या उन्हात रंग जाळते. दिसली की त्यावर ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची आणि उचलून घ्यायची. कोरडं पुसायचं नाही. कशावरच कोरडं फडकं मारायचं नाही.

मुलगा आता पुण्यात असतो. त्याने मोटारीवर सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. दुकानदाराने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावून दाखवलं. प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक थर, सगळं मिळून शंभर-दीडशे मायक्रॉन. त्यातला पारदर्शक थर चाळीस-पन्नासच. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे आपण ज्याला चोळतो तो थर केसाहूनही बारीक, आणि रबिंग कंपाउंडचा जोरकस फेरा त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज खातो. कडांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून मशीन फिरवताना चांगला कारागीर कडांना चिकटपट्टी लावतो. या गाड्यांचं फडकं रंगीत होत नाही, कारण पारदर्शक थर झिजताना दिसतच नाही. हे मला जास्त काळजीचं वाटतं. अण्णांना निदान निळं फडकं दिसत होतं.

अण्णा गेले, चेतक अजून दहिवलीला पडवीत आहे. तिच्या पुढच्या मडगार्डच्या कडेला, फडकं वळवताना अण्णांचा अंगठा नेमका जिथे दाबला जायचा तिथे, निळा संपून खालचा लालसर प्रायमर उघडा पडलाय. अंगठ्याच्याच आकाराचा, कडा विरत गेलेला. मुलाचं म्हणणं, पूर्ण स्कूटर नव्याने रंगवू. मी नको म्हटलं. तिथे मी फक्त मेण लावते, म्हणजे गंज धरत नाही आणि खूणही राहते.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय: पॉलिश फार करू नये. पॉलिश घेतं, मेण देतं, आणि आपल्याकडे दोन्ही एकाच डब्यातून येतं असं समजून लोक दर महिन्याला रंग खरवडतात. चरे डोळ्यांना खुपायला लागले तर दोन-तीन वर्षांतून एकदा पॉलिश. बाकी नीट धुणं आणि मेण. चांगल्या मेणात कार्नोबा असतो, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. त्या कोरड्या मुलखात ते झाड पानातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला हे मेण माखून घेतं. पानं वाळवून, झोडपून त्याची पूड काढतात. ते 80 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून मे महिन्यातल्या तापलेल्या बॉनेटवरही टिकतं. तिथे आतलं पाणी राखणारं मेण आम्ही कर्जतला बाहेरचं पाणी थोपवायला लावतो. परसातल्या अळूच्या पानावर पावसाचा थेंब जसा गोल होऊन घरंगळतो, तसाच तो मेण लावलेल्या दारावर घरंगळतो. अळूच्या पानावरही मेणाचाच थर असतो. थेंब पसरायला लागले की समजायचं, मेण संपलं. आमच्या पावसात ते दीड-दोन महिन्यांवर जात नाही.

म्हणून माझे दोन मुहूर्त ठरलेले. एक रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी, दुसरा दसऱ्याच्या आधी. पहिल्याचं कारण उघड आहे. दुसऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच रंगाची हानी होते. खंडेनवमीला आपण गाडीवर ओलं हळदकुंकू लावतो, नवी गाडी महडच्या वरदविनायकाला नेली तर बॉनेटवर स्वस्तिक काढतो. ते लावलंच पाहिजे, मीही लावते. पण कुंकू हळदीला चुना लावून करतात, बाजारातल्या कुंकवात वरून रंगही असतो, आणि ते उन्हात वाळलं की पांढऱ्या गाडीवर गुलाबी डाग कायमचा राहतो. तारेत ओवलेला झेंडूचा हार वाऱ्यावर हलून बॉनेट कापतो. हाराबरोबर बॉनेटवर ठेवलेल्या आपल्या शेतातल्या भाताच्या लोंब्याही दिसतात तितक्या मऊ नसतात. भाताच्या तुसात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच गुण.

तेव्हा यंदा असं करा. अष्टमीला सावलीत गाडी धुवा आणि मेणाचा एक पातळ हात द्या. नवमीला कुंकू खुशाल लावा, मेणावर ते रुतत नाही. हार सुती दोऱ्यात ओवा, लोंब्या बॉनेटवर न ठेवता पुढच्या जाळीला बांधा. पूजा झाली, दसऱ्याला फेरी मारून आलात, की संध्याकाळी कुंकू धुऊन टाका. आणि धुताना आधी भरपूर पाणी ओता, मगच फडक्याला हात घाला.