सोनपंखी पाखराचा नकाशा

वजन जेमतेम नऊ-दहा ग्रॅम. कपाळ पिवळं, पंखावर पिवळाधमक पट्टा, नराचा गळा काळाभोर. नाव गोल्डन-विंग्ड वॉर्ब्लर; नावात वॉर्ब्लर असलं, तरी आपल्या वटवट्यांशी याचं गोत जुळत नाही. वीण उत्तर अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या परिसरात आणि अ‍ॅपलाचियन डोंगरांत, हिवाळा मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएलात. अ‍ॅपलाचियनमधली संख्या गेल्या अर्धशतकात ९० टक्क्यांहून जास्त घटली. जगातले जवळपास निम्मे पक्षी आता एकट्या मिनेसोटात वीण करतात.

•

याला रान हवं, पण कोवळं. कूपतोड झालेली, वणव्यातून गेलेली किंवा पडीक सोडलेली जमीन. तिथं गवत, ब्लॅकबेरीच्या जाळ्या, मधूनच एखादं उंच झाड. घरटं जमिनीवर, गोल्डनरॉड या रानफुलाच्या बुंध्याशी. दहा-पंधरा वर्षांत तिथली झाडं डोक्यावर जातात आणि पक्षी ती जागा सोडतो. म्हणून याच्या अधिवासाच्या नकाशावर साल ठळक लिहिलेलं हवं. जुन्या नकाशावर विसंबून जमीन राखली, तर पक्षी नसलेलं रान राखलं जाईल.

•

नकाशा उपग्रहावरून काढायचा म्हटलं, तर लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटर जमीन. एवढ्यात झुडपं आणि अजून झुडपं न वाढलेलं पडीक शेत यांची सहज गल्लत होते. विमानातून लेझरचे झोत सोडून झाडोऱ्याची उंची मोजणारं लायडार इथं फार कामाचं.

मात्र नुसती झुडपं रंगवूनही भागत नाही. पिल्लं घरट्याबाहेर पडली की आई-बाप त्यांना शेजारच्या जुन्या, दाट जंगलात नेतात. दोन्ही शेजारी-शेजारी असतील तरच जागा खरी.

•

हिवाळी रानात याची चरण्याची तऱ्हा बघण्यासारखी. फांदीत अडकलेलं वाळकं, गुंडाळलेलं पान गाठायचं, मिटलेली चोच आत खुपसायची आणि आतल्या आत उघडायची. पान फाकतं, आतली अळी हाती लागते. अशी पानं लोंबत राहायला वेली आणि दाट झाडोरा लागतो. तो साफ केला, तर झाडं उभी असूनही पाखरू उपाशी.

•

पाठीवर बांधलेल्या चिमुकल्या यंत्रांनी वाटा उलगडल्या. ग्रेट लेक्सचे पक्षी बहुतांशी मध्य अमेरिकेत उतरतात, अ‍ॅपलाचियनचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, मुख्यतः व्हेनेझुएलात. तिथलं जंगल जास्त तुटलं आणि घटही त्यांच्याच वाट्याला आली. दोष फक्त विणीच्या जागेत शोधून चालणार नाही.

•

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही. हिवाळ्यात नर उंचावरच्या दमट जंगलात राहतात, माद्या खालच्या उतारांवर. नर ठसठशीत आणि सहज दिसणारे, त्यामुळे नोंदी त्यांच्या जास्त, आणि त्या नोंदींवरून आखलेला ‘योग्य अधिवास’ही नरांचाच. २००० ते २०१६ या काळात माद्यांच्या भागातलं जंगल नरांच्या भागाच्या दुपटीनं गेल्याचं २०१९च्या अभ्यासात दिसलं. अंडी घालणारीच नकाशाबाहेर राहिली, तर त्या संवर्धनाला मी अर्धवटच म्हणेन.

•

माद्या निसटण्याची हीच अडचण आपल्याकडेही. हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारात काळ्या डोक्याच्या भारीटांचे थवे उतरतात. नर लगेच ओळखू येतो. मातकट मादी लाल डोक्याच्या भारीटाच्या मादीसारखीच दिसते, म्हणून नोंदीतून निसटते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नर-मादी वेगळे मोजून लिहायची सोय आहे. यंदा ती वापरा, आणि थव्यातल्या माद्याही मोजा.