बायोडेट्यातले चौदा महिने

आमच्या घरात बायोडेटा म्हणजे लग्नाचा. उंची, वर्ण, मामाचे कूळ आणि शेवटी 'अपेक्षा'. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात भाचीने "मामा, माझा बायोडेटा जरा तपासून देता का?" असे म्हणत दोन पाने पुढे ठेवली, तेव्हा क्षणभर माझी गल्लत झाली. "लग्नाचा नाही हो, नोकरीचा!" ती हसून म्हणाली. येथे सुरतेतच एमबीबीएस झालेली ही मुलगी एका रुग्णालयात निवासी डॉक्टरच्या जागेसाठी अर्ज करीत होती. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकविलेल्या मामाने भाषेवरून नजर फिरवावी, एवढीच तिची अपेक्षा होती.

पाने नेटकी होती. पदवीचे वर्ष, इंटर्नशिपचे बारा महिने, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, कोणत्या विभागात किती काम केले त्याचा तपशील. एका ओळीशी मात्र मी थबकलो. इंटर्नशिपनंतरच्या चौदा महिन्यांपुढे ओळखीच्या एका दवाखान्याचे नाव होते, हुद्दा, सहायक. ते चौदा महिने ती कोठे होती हे मला ठाऊक होते. माझ्या मेहुण्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि ही मुलगी त्यांच्या उशाशी होती.

"रिकामी जागा दिसली की पहिला प्रश्न तोच विचारतात, मामा. दवाखान्याचा दाखला मिळतोय. सगळेच असे भरतात."

मी पाने ठेवून घेतली. त्या रात्री मला दोन मराठी स्त्रिया आठवल्या. पहिली आनंदीबाई जोशी. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागताना तिने आपल्या शिक्षणातील उणिवा झाकल्या नाहीत. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही हे मान्य करून, आपला निर्धार आणि देशभगिनींची निकड एवढेच तिने पुढे ठेवले. 1886 मध्ये ती एम.डी. झाली.

दुसरी तर आमच्या सुरतेचीच म्हणायला हवी. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद, असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखविली. 1888 मध्ये तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढील वर्षी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. येथे त्यांनी सुमारे 22 वर्षे काढली. आरंभी बाया बाळंतपणाला रुग्णालयात यायला धजत नसत, तेव्हा त्यांनी गाभण शेळी आणून तिची सुटका करून दाखविली, असे सांगतात.

आजच्या नमुन्यात रखमाबाईंचा बायोडेटा लिहायचा झाला, तर 1884 ते 1888 या वर्षांपुढे काय लिहावे? 'खंड'? खरे तर त्यांच्या डॉक्टर होण्याची वाट त्याच वर्षांतून गेली. आणि ती वर्षे झाकण्याची सोयही त्यांना नव्हती. हिंदुस्थानातील आणि विलायतेतील वर्तमानपत्रांनी ती केव्हाच छापून टाकली होती.

सकाळी भाची आली. मी विचारले, "रोग्याला दिला नाही तो डोस केसपेपरवर 'दिला' असे लिहिशील का?"

"कसं लिहीन, मामा? पुढचा डॉक्टर त्यावरच भरवसा ठेवणार."

"हाही कागद पुढचा डॉक्टरच वाचणार आहे."

ती बराच वेळ बोलली नाही. मग मी त्या चौदा महिन्यांत काय केले ते सांगायला लावले. दर दोन तासांनी वडिलांची कूस बदलणे, शय्याव्रण होऊ न देणे, नाकातील नळीने अन्न देणे, पुढे घोट घोट पाणी गिळायला शिकविणे. मेहुणे मूळचे धुळ्याकडचे. वाचा परतली ती आधी अहिराणीत. तेव्हा ही मुलगी लहानपणी अर्धवट शिकलेली अहिराणी नव्याने शिकली. लिंबायत-उधन्याकडे यंत्रमागांवर राबणारी किती खानदेशी माणसे दुखणे घेऊन येतात आणि ते गुजरातीत सांगताना अडखळतात! तरी 'भाषा' या रकान्यात तिने अहिराणी लिहिलीच नव्हती. ती भाषा गणतीत धरायची असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तिने दवाखान्याची ओळ खोडली. तेथे एवढेच लिहिले: 'चौदा महिने, घरी, अर्धांगवायूच्या रुग्णाची (वडिलांची) पूर्णवेळ शुश्रूषा.' भाषांच्या रकान्यात एक शब्द वाढला. इंग्रजीत मला एकही चूक काढता आली नाही.

मुलाखतीत पहिला प्रश्न त्या चौदा महिन्यांवरच आला. ती जागा तिला मिळाली नाही. कारण कळले नाही. "दाखला जोडला असता तर?" असे ती एकदा म्हणाली, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. दिवाळीनंतर दुसऱ्या एका रुग्णालयात तिची निवड झाली. तेथेही तिने तोच कागद दिला होता.