विल्टशरचं मीठ, माडाचा गूळ

स्विंडन, १९ डिसेंबर

ती. आईस सा. न.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून सुटलेली गाडी तासाभरात स्विंडनला पोहोचते. हे मूळचं रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इथला कारखाना १८४३ पासून १९८६ पर्यंत चालला. आता मात्र स्टेशनाबाहेर पडल्यावर कोंकणी कानावर पडते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्या पासपोर्टावर हजारो गोवेकर इथे आले आणि इथल्या गोदामांत, कारखान्यांत कामाला लागले. आज नेमकी तीच तारीख आहे. ज्या घरी मुक्काम आहे ते कुटुंब गोव्यातल्या साष्टीतलं. गोव्यात आज मुक्तिदिन, आणि इथे स्वयंपाकघरात चर्चा आहे ती गॅमनची.

गॅमन म्हणजे डुकराची मागची तंगडी, मिठात मुरवलेली पण कच्ची. शिजली की तिचंच हॅम होतं. इंग्रज घरांत नाताळला टर्कीचा थाट असतो, तरी फ्रिजमध्ये हॅम हवंच. आदल्या संध्याकाळपासून नववर्षापर्यंत ते कापून कापून खाल्लं जातं. अख्खी तंगडी मोठ्या कुटुंबालाही जास्त होते, म्हणून खाटीक तिचे चार भाग करतो. घोट्याकडचा हॉक, मग स्लिपर, मिडल आणि कॉर्नर. घरच्या आंटींनी दोन किलोंचा मिडलचा तुकडा आणलाय, धुरी न दिलेला. धुरी न दिलेल्याला इथे ‘ग्रीन’ म्हणतात, रंग गुलाबी असला तरी!

आंटी बारा वर्षांपूर्वी आल्या. पहिल्या नाताळला त्यांनी असाच तुकडा आणला आणि गोव्यात ताजं मांस भाजतात तसा थेट ओव्हनमध्ये ढकलला. दिसायला देखणा झाला, पण घास तोंडात घालवेना, इतका खारट. आई, खारे बांगडे न भिजवता तव्यावर टाकले तर जे होईल तेच झालं. तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात एक वाक्य कायमचं झालंय: “पयलीं मीठ भायर, मागीर गोड भितर.”

काल्न, २१ डिसेंबर

ती. आईस सा. न.

हे मीठ येतं कुठून ते पाहायला आज काल्नची वारी झाली. स्विंडनपासून बसने जाता येणारं लहानसं गाव, पण इंग्लंडच्या खाण्याच्या इतिहासात त्याचं नाव मोठं. लंडन ते ब्रिस्टल या जुन्या हमरस्त्यावर ते वसलंय. आयर्लंडची डुकरं जहाजाने ब्रिस्टलला उतरत आणि लंडनच्या स्मिथफील्ड बाजारापर्यंत पायी हाकली जात. वाटेत काल्नला विसावा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या हॅरिस कुटुंबाने या चालून आलेल्या मालावर धंदा उभा केला.

अडचण एकच होती. मांस मुरवायला थंडी लागते. उन्हाळ्यात एक तर काम बंद ठेवायचं, नाही तर मीठ इतकं ओतायचं की चव मरावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज हॅरिस अमेरिकेतली बर्फाची कोठारं पाहून आला आणि काल्नमध्ये छताशी बर्फ भरलेल्या खोल्या उभ्या राहिल्या. आता वर्षभर, कमी मिठात, मांस मुरवता येऊ लागलं. यातूनच विल्टशर पद्धत नावारूपाला आली. मांसाचे मोठे भाग काही दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग थंड जागी मुरू द्यायचे. ते खारं पाणी दर खेपेला फेकत नाहीत. त्यात जिवाणूंची वस्ती असते, आणि आपण विरजण राखतो तसं ते पाणी राखतात.

गुलाबी रंगाचं मूळही त्या पाण्यातच आहे. पूर्वी मिठाबरोबर सोरा घालत. अठराव्या शतकात ब्रिटनला लागणारा बराचसा सोरा ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून नेत असे. त्याची खरी मागणी बंदुकीच्या दारूसाठी, पण मुरवणाऱ्यांच्या पिंपातही तो जायचा. सोऱ्यातल्या नायट्रेटचं जिवाणू नायट्राइट करतात, त्यातून नायट्रिक ऑक्साइड वायू निघतो आणि तो मांसातल्या लाल द्रव्याला धरून बसतो. म्हणून साधं मांस शिजल्यावर करडं पडतं आणि हॅम गुलाबी राहतं. योगायोग असा, की या वायूचा अभ्यास करणारा जोसेफ प्रीस्टली १७७०च्या दशकात याच गावात राहत होता. गावाजवळच्या बोवुड हाउसमध्ये १७७४ साली त्याने प्राणवायू वेगळा केला. प्राणवायूचं श्रेय त्याला सहसा मिळतं. हॅमच्या रंगाच्या संदर्भात त्याची आठवण निदान या गावात तरी काढायला हवी.

हॅरिसचा कारखाना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला आणि पुढे पाडला गेला. गावाच्या मध्यावर आता कांस्याची दोन डुकरं उभी आहेत. मुलं त्यांच्या पाठीवर बसतात, त्यामुळे पाठी घासून चकचकीत झाल्यात.

एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये अशा मुरवलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्याने दिसला आहे. आंटींच्या घरी म्हणूनच हे वर्षातून एकदाच होतं, आणि ते योग्यच आहे.

स्विंडन, २५ डिसेंबरची पहाट

ती. आईस सा. न.

काल दिवसभर स्वयंपाकघर तापलेलं होतं. तेविसाच्या रात्रीच तुकडा मोठ्या पातेल्यात गार पाण्यात बुडवला होता. सकाळी ते पाणी ओतलं. आंटींनी बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली. मीठ बाहेर आलं होतं. हल्लीचं गॅमन पूर्वीइतकं खारट नसतं, पाकिटावर भिजवायची गरज नाही असंही लिहिलेलं असतं. पण एकदा पोळलेली बाई पाकिटावर विसंबत नाही.

मग ताजं गार पाणी, एक कांदा, एक गाजर, तमालपत्र आणि दहाबारा काळे मिरे. उकळी आली की आच इतकी मंद करायची की पाणी फक्त थरथरावं. खळखळून उकळलं तर मांसाचे धागे आवळतात आणि कोरडे पडतात. इथला जुना हिशेब पौंडाचा आहे: दर पौंडाला २० मिनिटं आणि वर आणखी २०. दोन किलो म्हणजे साडेचार पौंडांच्या आत, तेव्हा दीड तास पातेल्यात आणि वरची २० मिनिटं ओव्हनमध्ये. लोक कौतुक करतात ते त्या शेवटच्या २० मिनिटांचं, कारण चकाकी तिथे येते. पण चव ठरते ती रात्रभराच्या पाण्यात आणि त्या दीड तासाच्या मंद आचेवर. स्वयंपाकाची पुस्तकं भिजवण्यावर एक ओळ लिहितात आणि पाकावर पानभर, हे उलटं आहे.

तुकडा बाहेर काढून थोडा निवला की कातडी सुरीने सोलायची. ती ओल्या कापडासारखी निघून येते. खालचा चरबीचा पांढरा थर मात्र राखायचा, साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका. त्यावर शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या रेघा मारायच्या, मांसापर्यंत न जाता, आणि प्रत्येक शंकरपाळ्यात एक लवंग टोचायची. हे काम नातवंडांचं. धाकट्याने एका कोपऱ्यात तीन लवंगा टोचल्या होत्या. आंटींनी त्या तशाच राहू दिल्या.

आता पाक. इंग्रज घरांत डेमरारा साखर किंवा मध, मार्मालेड आणि कोलमनची झणझणीत मोहरी घालतात. आंटींनी मोहरी आणि मार्मालेड ठेवलं, साखर काढली आणि तिथे गोव्याहून आलेला माडाचा काळा गूळ किसून घातला, वर चमचाभर माडीचा व्हिनेगर. मार्मालेड हा शब्दही पोर्तुगीज ‘मार्मेलादा’वरूनच आलाय, तेव्हा त्या वाडग्यात परकं असं काही नव्हतंच. माडाच्या गुळाला जी करपट, किंचित धुराची चव असते ती न धुरवलेल्या गॅमनला फार शोभते. डेमराराने नुसता गोडवा येतो, या गुळाने खोली येते.

पाक सुरुवातीपासून लावला तर गोड जळून काळं होतं, म्हणून तो शेवटीच. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये चरबी वितळू लागते, पाक रेघांमध्ये उतरतो आणि शंकरपाळ्या उमलतात. दहा मिनिटांनी बाहेर काढून ताटात ओघळलेला पाक पुन्हा वर घातला. ताटाला आतून फॉइल लावलेलं होतं. जळका गूळ घासण्यात नाताळ घालवायचा नसेल तर हे करावंच. बाहेर आल्यावर २० मिनिटं कोणीही सुरी लावायची नाही, नाही तर सगळा रस ताटात जातो. ही वीस मिनिटं मुलांना सर्वांत जड गेली.

मध्यरात्रीच्या मिसाहून आल्यावर पानं मांडली. एका बाजूला डुकराच्या मांसाचं, तीन दिवस मुरलेलं सोरपोतेल, दुसऱ्या बाजूला हे काळंसोनेरी हॅम, आणि मध्ये नेवऱ्या, दोदोल. शेजारच्या इंग्रज आजींकडे कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट गेलं, त्यावर हॅमचे चार काप होते.

स्विंडन, २७ डिसेंबर

ती. आईस सा. न.

उरलेल्या हॅमचे काल गार काप झाले, लोणच्याबरोबर. ज्यात हॅम शिजवलं ते पाणी आज कामी आलं. ते गाळून राखलं होतं. चव पाहिली, फार खारट नव्हतं, म्हणून त्यात सोललेल्या वाटाण्याची डाळ शिजवली. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलकडे, अशाच डाळीचा घट्ट गोळा पीज पुडिंग म्हणून हॅमबरोबर पावात घालून खातात. आंटींनी ती आपल्या वरणासारखी सैल केली आणि हॅमच्या शेवटच्या चुरा तुकड्यांसकट वाढली. चार दिवसांतलं सगळ्यात चांगलं जेवण हेच होतं.

माडाच्या गुळाची ढेप आता संपलीय. जानेवारीत आपल्याकडून कोणी इकडे येणार असेल तर दोन ढेपा पाठवाव्यात, असा आंटींचा निरोप आहे.