हिरवा ठिपका

पुण्यातल्या खोलीवर रात्रीचं जेवण झालं की मी लॅपटॉपवरून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे. घर संगमनेर आणि अकोले यांच्या मधल्या एका गावात, प्रवरेच्या काठाला. तिथं आमचं छोटं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात. आप्पा दूध मोजतात, मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं, त्यावरून दर ठरतो आणि पावती निघते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ लागला तर माणूस हसत जातो. दर १० दिवसांनी दुधाचा पगार. हो, आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात.

हा सगळा हिशोब आधी वहीत होता. मी त्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि हिशोबाचा प्रोग्रॅम बसवला. सोबत एक छोटी सर्व्हिसही लिहिली. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागं चालणारा प्रोग्रॅम, ज्याला खिडकी नसते की बटण नसतं. जुन्या लोकांनी त्याला डेमन नाव दिलं. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी हा शब्द मॅक्सवेलच्या भौतिकशास्त्रातल्या डेमनवरून उचलला. माझ्या डेमनचं काम एवढंच होतं की हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची.

आप्पांनी विचारलं होतं, "वही राहू दे का गं शेजारी?"

मी म्हणाले, "दोनदा कशाला लिहायचं? बॅकअप आहे ना."

त्यांनी वही बंद केली.

तर रोज रात्री मी टाइप करायचे: सिस्टमसीटीएल स्टेटस दूध-बॅकअप. आजच्या बहुतेक लिनक्सवर सर्व्हिसेसचा कारभार सिस्टमडी बघतं. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० साली सुरू केलं. या आज्ञेला उत्तर म्हणून चार-सहा ओळी येतात. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक ठिपका असतो. सर्व्हिस कोलमडली तर लाल, बंद असेल तर पांढरा, सगळं ठीक असेल तर हिरवा. माझा कायम हिरवा. मी तेवढं बघायचे आणि झोपायचे. एकदा आप्पा काळजीत वाटले, तर ठिपक्याचा स्क्रीनशॉटच व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, 'बघा, हिरवं आहे.'

पगाराच्या आदल्या दिवशी हार्डडिस्क टकटक करायला लागली आणि गेली. मी पहाटेच्या एसटीनं निघाले, खिशात नवी डिस्क. मनात फार भीती नव्हती. केंद्रावर पोचून पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. शेवटची फाइल दोन महिन्यांपूर्वीची.

मी व्हॉट्सॲप उघडून तो स्क्रीनशॉट परत काढला. ठिपका हिरवा. त्याच्या खाली लिहिलेलं: ॲक्टिव्ह, कंसात एक्झिटेड. म्हणजे रनिंग नाही. काम करून कधीचाच निघून गेला. आणि त्याच ओळीच्या शेवटी: १ महिना २५ दिवसांपूर्वी. सगळं लिहिलेलं होतं, आणि ते मीच आप्पांना पाठवलं होतं.

झालं असं होतं. सर्व्हिस मी कॉम्प्युटर सुरू होताना एकदा चालेल अशी लिहिली होती. एक सेटिंग कुठून तरी उचलून टाकलं होतं, 'रिमेन आफ्टर एक्झिट'. त्याचा अर्थ, प्रोग्रॅम संपला तरी सर्व्हिसला चालूच समजायचं. सुरुवातीला चाललंही मस्त, कारण आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा वीज जायची. वीज आली की कॉम्प्युटर उठायचा, बॅकअप व्हायचा. मग मी पहिल्या बोनसमधून केंद्राला इन्व्हर्टर घेऊन दिला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंदच पडला नाही, आणि बॅकअपही झाला नाही. पेनड्राइव्हवरची शेवटची तारीख इन्व्हर्टर बसवल्याची होती. (वीज मंडळाला इतक्या शिव्या दिलेल्या मी. माझा बॅकअप तेच घेत होते.)

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "लोकांना पावत्या घेऊन बोलव."

शीतकरण केंद्राच्या पावत्यांवरून रोज एकूण किती लिटर गेलं ते कळत होतं, कुणाचं किती ते नाही. संध्याकाळपर्यंत लोक येत राहिले. कुणाच्या पावत्या मोबाइलच्या कव्हरमागं, कुणाच्या देवळीत, काही शर्टाबरोबर धुतलेल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी सांगितलेला आकडा आप्पांनी लिहिला. सगळी बेरीज केली तर लोकांचं दूध आम्ही पाठवलेल्यापेक्षा ४१ लिटर जास्त भरलं. मी कुणी वाढवून सांगितलं असेल ते शोधायला लागले. आप्पांनी पेन काढून घेतलं. "चूक आपली. भरून टाकू."

खरी भीती उचलीची होती. कुणी पगारातून आगाऊ पैसे घेतलेले, कुणी पेंडीची पोती नेलेली. ते फक्त त्या डिस्कवर होतं. लोक गप्प बसले असते तर आमच्या हातात काहीच नव्हतं. एकच गाय असलेली एक आजी दिवे लागल्यावर आली. पावत्या पुढं केल्या आणि म्हणाली, "पोरी, माझी दोन पोती पेंड लिही आधी. मागनं ऱ्हाऊन जायची." तिच्या मागं उभ्या असलेल्या दोघांनी मग आपापली उचल सांगितली. सगळ्यांनी सांगितली असं मी म्हणणार नाही.

त्या रात्री मी सर्व्हिसला टायमर लावला, रोज साडेदहाचा. आता स्टेटस बघत नाही. सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स देते. त्यात पुढची वेळ कधी आणि शेवटचं कधी चाललं, दोन्ही रकाने असतात. तरी त्यातून 'चाललं' एवढंच कळतं, म्हणून पेनड्राइव्हवरच्या फाइलची शेवटची ओळही उघडून बघते.

आणि फोन लावते. आप्पांनी संगमनेरहून लाल पुठ्ठ्याची नवी वही आणली आहे. ते त्यातली शेवटची ओळ वाचतात, मी माझी.

"सहा लिटर चारशे," आप्पा म्हणतात. "फॅट तीन-सात."

"तीन-सात," मी म्हणते. "बरोबर."

"जेवलीस का?"